शाळेत गणित शिकवायचं ठरवलंय? मग पदवीचं गणित असं अभ्यासा

नववीच्या वर्गात 'वास्तव संख्या' हे प्रकरण चालू असतं. एखादी मुलगी विचारते, "सर, ०.९९९... म्हणजे बरोबर एक? अगदी थोडी तरी लहान असेल ना?" फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाने पदवीला रिअल अनॅलिसिसचा, म्हणजे वास्तव संख्यांच्या काटेकोर अभ्यासाचा, पेपर दिलेला असतो. अनुक्रम, सीमा, अभिसरण हे सगळं त्याने लिहून गुण मिळवलेले असतात. तरी त्याच्या तोंडून उत्तर येतं ते शाळेत असताना पाठ केलेल्या दहाने गुणण्याच्या युक्तीचं. आपण शिकलेलं अनॅलिसिस नेमकं याच प्रश्नासाठी होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही अडचण जुनी आहे आणि फक्त आपल्याकडची नाही. जर्मनीतल्या गॉटिंगेनचे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या, खास शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानांत ती मांडली होती. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेचं गणित मागे सोडायला लागतं. तोच पुढे शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठाचं गणित मागे सोडतो. दोन्हीकडे धागा तुटतो. क्लाइन यांनी याला दुहेरी खंड म्हटलं होतं.

हा लेख बी.एस्सी. गणित करणाऱ्या, त्यानंतर बी.एड. करून सहावी ते दहावीला शिकवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. टीईटी किंवा भरतीच्या परीक्षांची तयारी हा वेगळा विषय; तो इथे नाही. पदवीची तीन-चार वर्षं हातात असतानाच तो धागा कसा जोडून ठेवायचा, एवढंच सांगतो.

पहिली पायरी : शाळेची पुस्तकं पुन्हा काढा

अभ्यास पदवीच्या पुस्तकापासून सुरू करू नका. सहावी ते दहावीची बालभारतीची गणिताची पुस्तकं घ्या. घरी नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती मोफत उतरवून घेता येतात. गणितं सोडवू नका, ती तुम्हाला येतात. पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथे एखादी गोष्ट कारण न देता सांगितली आहे तिथे खूण करा.

खुणा भराभर सापडतील. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, कशावरून? ऋण गुणिले ऋण धन का? आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, पण बाजू √२ आणि √३ असतील तर एकक चौरस मोजणार कसे? २ चा √२ वा घात, म्हणजे नक्की काय? कंपास आणि पट्टीने कोन दुभागता येतो, मग त्याचे तीन समान भाग का नाहीत शिकवत?

एक जाड वही करा. डाव्या पानावर शाळेचा प्रश्न, उजवं पान कोरं. पदवीच्या तासाला जे शिकाल त्यातलं काही या प्रश्नांपैकी एखाद्याला लागू पडलं की उजवं पान भरायचं. काही पानं दोन वर्षं कोरी राहतील, राहू द्या. प्रश्न आधी आणि प्रमेय नंतर आलं की प्रमेयाचं महत्त्व आपोआप कळतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी : नंबर थिअरीपासून सुरुवात

अनॅलिसिस पहिल्या वर्षाला असलं तरी स्वतःच्या अभ्यासाला नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांचा अभ्यास, आधी घ्या. शाळेच्या सगळ्यांत जवळचा पदवीचा विषय हाच. सिद्धता लिहायची सवयही इथेच लागते, कारण वस्तू ओळखीच्या असतात.

पहिला मुक्काम : मूळ अवयव. सहावीतल्या मुलाला ६० चे अवयव पाडायला सांगितले तर कुणी ६ × १० पासून सुरू करेल, कुणी ४ × १५ पासून. शेवटी सगळे २ × २ × ३ × ५ वर येतात. हे इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यात सिद्ध करण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. म्हणून एक प्रयोग करा. जगात फक्त सम संख्याच आहेत असं समजा. दोन सम संख्यांचा गुणाकार करून जी मिळत नाही तिला इथली 'मूळ' संख्या म्हणू. मग २, ६, १०, १४, ३० या सगळ्या 'मूळ' ठरतात. आता ६० घ्या : ६० = २ × ३० आणि ६० = ६ × १०. दोन्हीकडचे अवयव 'मूळ', तरी ते वेगवेगळे. म्हणजे अवयव एकाच प्रकारे पडणं हा संख्यांचा जन्मसिद्ध गुण नाही, त्यामागे कारण आहे. ते कारण शोधत गेलात की तुम्ही शाळेतल्या 'भागाकार पद्धतीने मसावि' या रीतीपाशी पोहोचता. ती युक्लिडची रीत. तिच्यावरून मसावि हा त्या दोन संख्यांच्या पटींच्या बेरीज-वजाबाकीने लिहिता येतो हे कळतं. त्यावरून, मूळ संख्या गुणाकाराला भागत असेल तर निदान एका गुणकाला भागते हे कळतं. मग अवयवांचा एकमेवपणा. ही साखळी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, पहिल्या ओळीपासून लिहिता आली पाहिजे.

दुसरा मुक्काम मला फार आवडतो : आवर्ती दशांश. १/७ चा भागाकार हाताने करा. बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. भागाकारात १४२८५७ फिरत राहतं. आवर्तन होणारच, कारण ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत. कधीतरी एक परत येणारच. हे उत्तर आठवी-नववीच्या मुलांना पूर्ण समजतं आणि वर्गात द्यायचं ते हेच.

पण तुम्ही इथे थांबू नका. १३ ने भागताना शून्येतर बाक्या बारा आहेत, तरी १/१३ = ०.०७६९२३०७६९२३... यात सहाच अंक फिरतात. मग उरलेल्या सहा बाक्या कुठे गेल्या? २/१३ करून बघा : ०.१५३८४६१५३८४६... दुसरंच आवर्तन! १, ३, ४, ९, १०, १२ हे अंश घेतले तर पहिल्या आवर्तनातले अंक फिरवून मिळतात. २, ५, ६, ७, ८, ११ घेतले तर दुसऱ्यातले. बारा बाक्यांचे सहा-सहाचे दोन सारखे भाग झाले. पुढच्या वर्षी ग्रुप थिअरीत सबग्रुप, कोसेट आणि लाग्रांजचं प्रमेय (सबग्रुपमधल्या घटकांची संख्या पूर्ण ग्रुपमधल्या संख्येला भागते) शिकाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की हे सगळं तुम्ही भागाकार करताना आधीच पाहिलं आहे. आवर्तनाची लांबी १२ ला भागणारीच का असते याचं उत्तर त्या प्रमेयात आहे. ११ ला लांबी २, ती १० ला भागते. ३७ ला ३, ती ३६ ला भागते. ४१ ला ५, ती ४० ला भागते. हे भागाकार कॅल्क्युलेटरवर न करता हाताने करा. बाक्या डोळ्यांसमोरून जायला हव्यात.

विभाज्यतेच्या कसोट्याही इथेच उलगडतात. १० ला ९ ने भागल्यावर १ उरतो म्हणून ९ च्या कसोटीत अंकांची बेरीज. ११ च्या दृष्टीने १० म्हणजे उणे १, म्हणून एकाआड एक अंकांची वजाबाकी. आणि १००१ = ७ × ११ × १३ एवढं लक्षात ठेवलंत तर ७ आणि १३ च्या कसोट्या तुम्ही स्वतः बनवू शकता. बनवा.

या टप्प्यावर एका शिक्षकाची आठवण ठेवा. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत आणि फावल्या वेळात संख्यांवर संशोधन करत. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' त्यांचा. त्याचं धाकटं भावंड म्हणजे तीन अंकांचं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, हेच पुन्हा पुन्हा करा. शेवटी ४९५ येतं. का? वजाबाकी नेहमी ९९ गुणिले (मोठा अंक उणे लहान अंक) इतकी येते. म्हणजे ९९ पासून ८९१ पर्यंत फक्त नऊच शक्यता. त्या एकेक करून तपासता येतात. ही संपूर्ण, काटेकोर सिद्धता आहे आणि सातवीच्या मुलांसमोर करता येते. चार अंकांचं तुम्ही करून पाहा. तिथे शक्यता जास्त आहेत आणि त्या कमी कशा करायच्या हाच खरा अभ्यास आहे.

तिसरी पायरी : रिअल अनॅलिसिस, पण प्रश्न हातात धरून

हा विषय बहुतेकांना जड जातो. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेची काटेकोर व्याख्या, पाठ होतं, पेपरात उतरतं आणि विसरतं. माझ्या मते कारण एकच : हे सगळं कशासाठी, हे न कळता आपण ते शिकतो.

तेव्हा आधी ०.९९९... कडे या. दहाने गुणण्याची युक्ती अशी : ही संख्या क्ष मानली तर १०क्ष = ९.९९९..., वजाबाकी करून ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. उत्तर बरोबर आहे. पण हीच युक्ती १ + २ + ४ + ८ + ... ला लावा. बेरीज क्ष मानली तर पहिला १ सोडून उरलेलं सगळं २क्ष आहे, म्हणजे क्ष = १ + २क्ष, म्हणजे क्ष = −१. धन संख्यांची बेरीज उणे एक! युक्ती तीच, एकीकडे खरं उत्तर, दुसरीकडे भलतंच. फरक कुठे आहे हे सांगता येण्यासाठी अभिसरण, म्हणजे बेरीज एका ठरावीक संख्येच्या हवी तितकी जवळ जाणं, लागतं. क्ष नावाची संख्या अस्तित्वात आहे हे दोन्हीकडे गृहीत धरलं होतं. पहिल्या ठिकाणी ते खरं होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

मग त्या मुलीला काय सांगायचं? तिलाच विचारा, "लहान आहे म्हणतेस, तर कितीने?" ०.९ हे एकपेक्षा ०.१ ने कमी. ०.९९ हे ०.०१ ने. तू कितीही लहान फरक सांग, पुरेसे नऊ लिहिले की आपण त्याच्याही आत जातो. सगळ्या फरकांपेक्षा लहान अशी धन संख्या नसते, म्हणून फरक शून्य. यात एप्सिलॉन हा शब्द नाही, पण व्याख्या पूर्ण आहे. असं उत्तर सुचण्यासाठी एप्सिलॉनची व्याख्या तुमच्या अंगात मुरलेली हवी.

दुसरा प्रश्न पूर्णतेचा. संख्यारेषेवर √२ दाखवायला आपण काटकोन त्रिकोण काढून कंपासने चाप मारतो. चाप रेषेला छेदतो तिथे संख्या आहेच, हे कशावरून? फक्त परिमेय संख्यांची रेषा असती तर चाप फटीतून निसटला असता. ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे अशा धन परिमेय संख्यांचा संच घ्या. त्याला वरची मर्यादा आहे, १.५ चालेल. पण परिमेय संख्यांमध्ये सगळ्यांत लहान अशी वरची मर्यादा नाही. वास्तव संख्यांमध्ये ती असते. याला पूर्णता म्हणतात. शाळेच्या 'वास्तव संख्या' या प्रकरणाचा पायाच तो आहे, जरी तिथे त्याचं नाव येत नसलं तरी.

हाच पाया २ च्या √२ व्या घातालाही लागतो. २ चा १.४ वा घात सुमारे २.६३९, १.४१ वा सुमारे २.६५७, १.४१४ वा सुमारे २.६६५. या वाढत जाणाऱ्या संख्या २.८३ च्या खालीच राहतात, म्हणून त्यांना सीमा आहे, आणि त्या सीमेलाच आपण तो घात म्हणतो.

प्रत्येक प्रमेय वाचताना एक काम न चुकता करा : त्यातली एक अट काढून टाका आणि प्रमेय कोसळतं का ते बघा. बंद अंतरालावर (दोन्ही टोकं धरून घेतलेल्या संख्यारेषेच्या तुकड्यावर) सतत असलेलं फलन सर्वोच्च किंमत गाठतं. 'बंद' काढलं तर? 'सतत' काढलं तर? उदाहरण स्वतः शोधा. उदाहरणं सापडू लागली की पाठांतर आपोआप सुटतं.

चौथी पायरी : अल्जिब्रा आणि भूमिती एकत्र

रिंगच्या (बेरीज आणि गुणाकार असलेल्या संचाच्या) व्याख्येत वितरण गुणधर्म, म्हणजे अ(ब + क) = अब + अक, येतो तेव्हा डाव्या पानावरचा 'ऋण गुणिले ऋण' शोधा. (−१) ला १ + (−१) ने गुणलं तर शून्य यायला हवं. वितरणाने ते −१ + (−१)(−१) होतं. म्हणून (−१)(−१) = १ असायलाच हवं; दुसरी सोय नाही. वर्गात मात्र सातवीला हे देऊ नका. तिथे ३ × (−२), २ × (−२), १ × (−२), ० × (−२) असा क्रम लिहा. उत्तरं दोन-दोनने वाढतात हे मुलांना दिसू द्या आणि पुढची पायरी त्यांनाच सांगू द्या. ती मांडणी वितरणाचीच आहे, फक्त उघड केलेली नाही.

फील्ड एक्सटेन्शन (संख्यांच्या संचात √२ सारख्या नव्या संख्या घालून तो वाढवणं) हा भाग बऱ्याच अभ्यासक्रमांत एम.एस्सी.ला येतो, पण शिक्षकाने त्याची एवढी तरी ओळख करून घ्यावी : पट्टी-कंपासने मिळणाऱ्या लांब्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्याच क्रियांनी मिळतात. ६०° च्या कोनाचे तीन भाग करायचे तर कोसाइन २०° ही लांबी हवी. ती ८क्ष³ − ६क्ष − १ = ० या समीकरणाचं उत्तर आहे. या त्रिघातीला परिमेय उत्तर नाही, आणि नुसत्या वर्गमूळांनी तिचं उत्तर मिळत नाही. पिएर वान्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली हे सिद्ध केलं. दहावीच्या 'भौमितिक रचना' शिकवताना एखादा मुलगा कोन त्रिभागायची 'रीत' घेऊन येतो, दरवर्षी कुणीतरी येतोच. त्याला झिडकारू नका. त्याची रीत ९०° वर चालते का, ६०° वर किती अंशांची चूक येते, हे त्याच्याबरोबर मोजा.

भूमितीकडे पदवीला फार दुर्लक्ष होतं आणि शाळेत तर निम्मा पेपर भूमितीचा. म्हणून ती स्वतः वाचावी लागते. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय घ्या : त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा इतर दोन बाजूंना समान प्रमाणात छेदते. दहावीत सिद्धता क्षेत्रफळांवरून देतात : उंची समान असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराइतकं. क्षेत्रफळाचं सूत्र आयतावरून येतं. आणि आयताच्या बाजू अपरिमेय असतील तर? पुन्हा वास्तव संख्यांची पूर्णता. समरूपतेचं सगळं प्रकरण, त्यामागोमाग त्रिकोणमिती, या एका धाग्याला लटकलेलं आहे. तो धागा तुमच्या वहीत सलग लिहिलेला असू द्या.

बाकोबा कसोटी युक्लिडने एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून सिद्ध केली. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ साली भूमितीची मांडणी नव्याने केली तेव्हा तिचा गाभा स्वयंसिद्ध म्हणूनच घेतला. आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° हे समांतर रेषांच्या गृहीतकावर उभं आहे. चेंडूवर तीन काटकोनांचा त्रिकोण काढून बघा.

लिनिअर अल्जिब्रात एवढं नक्की करा : दहावीच्या क्रेमरच्या पद्धतीतला निश्चयक म्हणजे समांतरभुज चौकोनाचं (चिन्हासहित) क्षेत्रफळ, हे चित्र काढून पटवून घ्या. निश्चयक शून्य झाला की रेषा समांतर किंवा एकच का होतात, ते मग सांगावं लागत नाही.

पाचवी पायरी : मराठीत लिहा, मोठ्याने सांगा

कॉलेजात 'ग्रुप', 'लिमिट', 'कंटिन्यूइटी' ऐकायचं आणि शाळेत मराठीतून शिकवायचं, ही कसरत मराठी माध्यमात शिकवणाऱ्या प्रत्येकाला करावी लागते. वहीत प्रत्येक सिद्धता एकदा मराठीत पूर्ण वाक्यांत लिहा. 'म्हणून', 'कारण', 'समजा', 'याउलट' हे शब्द नेमके कुठे येतात याकडे लक्ष गेलं की सिद्धतेतली पोकळ जागा लगेच उघडी पडते. नुसत्या चिन्हांच्या ओळींत ती लपते.

दोघं-तिघं मिळून अभ्यास करा. आठवड्यातून एकदा एकाने फळ्यावर एक सिद्धता मांडायची, बाकीच्यांनी आठवीतल्या मुलांसारखे प्रश्न विचारायचे. 'हे का?' ला 'पुस्तकात तसं आहे' हे उत्तर चालणार नाही, असा नियम ठेवा. आठवड्याला दोन प्रमेयं अशी झाली तरी पुष्कळ झालं.

गावात सोबत नसेल तर बाहेर पडा. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा १९९३ पासून चालणारा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे तास प्रश्नोत्तरांनीच पुढे जातो, आणि भविष्यातल्या शिक्षकाला तो अनुभव कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त देतो. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे; गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून सोडवा, कारण त्यांत शालेय गणितच असतं, फक्त खोलवर नेलेलं. एनपीटीईएल आणि 'स्वयं' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांवर अनॅलिसिस, अल्जिब्राची व्याख्यानं मोफत बघता येतात. बघताना दर दहा मिनिटांनी थांबवून पुढची ओळ स्वतः लिहायचा प्रयत्न करा.

बी.एड.च्या सराव पाठांपर्यंत

पाठ टाचण लिहिताना वही उघडा. त्या घटकाचं डावं-उजवं पान वाचा आणि टाचणात तीन ओळी जास्तीच्या घाला : मुलं इथे कोणता 'का' विचारू शकतात, त्याचं माझ्यापुरतं पूर्ण उत्तर काय, आणि त्यातलं या इयत्तेला किती द्यायचं. तिसरी ओळ ठरवायला वेळ लागतो. सातवीला क्रम दाखवायचा, नववीला 'कितीने लहान?' विचारायचं, दहावीला समीकरण मांडायचं, हे मुलांकडे पाहूनच कळतं. मार्गदर्शक प्राध्यापकांना वही दाखवा आणि पाठ झाल्यावर, मुलांनी खरंच विचारलेले प्रश्न त्याच दिवशी नवीन डाव्या पानांवर उतरवून घ्या.